आधी टेप, मग माऊस

आमच्या शाळेतल्या बाकाची लिहायची फळी जमिनीपासून ७५० मिलीमीटरवर आहे. हा आकडा मी कधी विसरणार नाही, कारण त्याच आकड्यावर आम्ही सगळे एकदा चुकलो. नववीच्या मुलांनी वर्गातला एक जुना लाकडी बाक मोजला, संगणकावर तो तिन्ही बाजूंनी काढला, मापे टाकली, ए४ कागदावर प्रिंट काढली आणि ती घेऊन आम्ही गावातल्या सुतारमामांच्या शेडमध्ये गेलो. रेषा सुबक होत्या, आकडे ठसठशीत होते. मामांनी कागद फळीवर पसरला, ७५० म्हणजे साडेएकोणतीस इंच असा मनाशी हिशेब केला आणि मला विचारले, "बाई, ह्यो पाय साडेसातशेचा कापायचा न्हवं? मग फळी कुठं बसवू? पायाच्या वर का पायाच्या मधी?"

कोणालाच उत्तर देता येईना. एकूण उंची ७५० आणि पायाची उंचीही ७५० असे आम्ही लिहून ठेवले होते. फळी २५ मिलीमीटर जाड. मामांनी कागदाबरहुकूम काम केले असते तर बाक ७७५चा झाला असता, आणि पाचवीतल्या पोराची हनुवटी फळीला लागली असती. मुलांनी तो बाक स्वतः मोजला होता, वर्षभर त्याच फळीवर कोपरे टेकून ती बसत होती, तरी फळी पायावर बसते की दोन पायांच्या मध्ये अडकते हे एकालाही सांगता आले नाही. मलाही नाही. आम्ही परत शाळेत आलो आणि बाक उलटा करून पाहिला. तो दिवस मी या पुस्तकाचा जन्मदिवस मानते.

आठवी ते दहावीच्या मुलांना संगणकावर आरेखन कसे शिकवावे, याचे हे पुस्तक आहे. ते शिक्षकांसाठी लिहिले आहे, पण घरात संगणक असलेल्या आणि हाताशी टेप असलेल्या कुठल्याही मुलाला ते एकट्याने वाचता यावे असा प्रयत्न केला आहे. पुस्तक उघडल्यावर पहिल्या चार धड्यांत संगणकाचे नावही नाही, याचे काहींना नवल वाटेल. ते मुद्दाम केले आहे. का केले, तेवढे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

मी आयटीआयची ड्राफ्ट्समन. शाळेत येण्याआधी नऊ वर्षे कोल्हापुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आरेखनाच्या टेबलावर होते. सुरुवातीला ट्रेसिंग पेपर आणि रोटरिंगचे पेन. चुकीची रेष खोडायची म्हणजे ब्लेडच्या कडेने शाई अलगद खरवडायची, हात जड पडला की कागदाला भोक. मग अमोनियावर प्रिंट काढायच्या; त्या वासाने डोळे चुरचुरायचे आणि जेवणाच्या सुट्टीत डब्यालाही तो वास यायचा. पुढे ऑफिसात संगणक आला आणि वर्षभरात बोर्ड, ड्राफ्टर, पेन सगळे माळ्यावर गेले. एका घराचा नकाशा बदलायला पूर्वी दोन दिवस लागत, ते काम दोन तासांत होऊ लागले. हा बदल मला मनापासून आवडला आणि आजही आवडतो. ब्लेडने शाई खरवडण्यात काही थोरवी होती असे मी कधी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट माळ्यावर गेली नाही. साइटवरून फोन यायचा तो तसाच येत राहिला. "मॅडम, जिन्याच्या भिंतीचं माप प्लॅनमध्ये एक आहे आणि सेक्शनमध्ये दुसरंच, कुठलं धरू?" गवंडी पहाडावर उभा, हातात थापी, माल कालवलेला. तो माणूस माझ्यासमोर नाही, मी त्याच्यासमोर नाही, मध्ये फक्त कागद आहे. आरेखन म्हणजे आपण समोर नसताना आपल्या वतीने बोलणारा कागद. पत्र लिहिताना आपण वाचणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणतो, तसा आरेखकाने गवंड्याचा, सुताराचा, लेथवरच्या टर्नरचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा असतो. शाळेतल्या मुलांना मला हे शिकवायचे आहे. माऊस कसा फिरवायचा ते मुले माझ्यापेक्षा लवकर शिकतात.

पहिल्या वर्षी मी अगदी उलटे केले. कमांडची यादी फळ्यावर लिहिली आणि रोज दोन-दोन घोकून घेतल्या. एल दाबले की रेष, सी दाबले की वर्तुळ, ट्रिम, ऑफसेट, मिरर, फिलेट. मुले भराभर शिकली. वर्षाअखेरीस प्रात्यक्षिक परीक्षेत वर्गातल्या दाराचा आराखडा काढायला दिला. एका हुशार मुलाने पाच मिनिटांत दार काढले. चौकट, दोन झडपा, कडी, सगळे देखणे. दाराची उंची त्याने ४००० मिलीमीटर लिहिली होती. मी विचारले, "चार मीटर म्हणजे किती रे?" तो पडद्याकडे बघत राहिला. दार त्याच्या पाठीमागे चार पावलांवर होते, त्याने मान वळवली नाही. त्याला दोष कसा देणार? वर्षभर मीच त्याला दाराकडे पाठ करून बसवले होते.

म्हणून आता आमच्याकडे पहिले पाच आठवडे संगणकाची खोली बंद असते. टेप, पेन्सिल, वही. प्रत्येक मूल आपली वीत, आपले पाऊल आणि हात वर केल्यावर पोहोचणारी उंची मोजते आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. मग बाक, खिडकी, पायरी, पाण्याची टाकी, सायकलचे चाक. मोजण्याआधी अंदाज लिहायचा हा कडक नियम आहे. पहिल्या आठवड्यात अंदाज दीडपट-दुप्पट चुकतात, पाचव्या आठवड्यात बहुतेकांचे चुकणे बोटभर उरते. दाराची उंची चार मीटर लिहिणारे मूल त्यानंतर मला पुन्हा भेटले नाही.

टेपविषयी एक गोष्ट सांगते, ती पुस्तकातही आहे. स्टीलच्या टेपच्या टोकाला जे आकड्यासारखे पाते असते, ते किंचित हलते. मुलांना वाटते टेप खराब झाला. एका वर्षी एका उत्साही मुलाने ती सगळी पाती हातोडीने ठोकून घट्ट केली, शाळेच्या सातही टेपांची, आणि मोठ्या अभिमानाने मला आणून दाखवली. ते पाते हलावे म्हणूनच तसे बसवलेले असते. फळीच्या कडेला अडकवून ओढले की ते स्वतःच्या जाडीइतके बाहेर येते, आणि भिंतीला टेकवून दाबले की तेवढेच आत जाते. त्यामुळे बाहेरचे माप असो की आतले, शून्य बरोबर जागेवर पडते. त्या वर्षी आमची खिडकीच्या चौकटीची आतली मापे सगळीकडे मिलीमीटरभर चुकत राहिली. मुलाला मी रागावले नाही. त्याच्यामुळे तो तास असा रंगला की मुले घरी जाऊन वडिलांच्या टेपचे पाते हलवून बघू लागली.

मोजून झाले की हाताने कच्चे चित्र, पट्टी न लावता. यातच मूल वस्तूकडे खरेच बघते, कारण कागदावर फळी आणि पाय जिथे भेटतात तिथे पेन्सिल अडते. आत की वर? उठून बघावे लागते. पेन्सिलने असे थबकणे संगणकावर होत नाही. तिथे एक चौकोन दुसऱ्या चौकोनावर टाकला की झाले. दोन लाकडे एकमेकांच्या पोटात शिरली तरी पडदा तक्रार करत नाही.

आणि मग संगणक. इथे मुलांना, आणि खरे तर शिक्षकांनाही, सगळ्यात जड जाणारी गोष्ट येते, म्हणून तिला मी पुस्तकात अख्खा एक भाग दिला आहे. कागदावर काढताना आपण वस्तू आधी लहान करतो आणि मग काढतो. वर्ग सहा मीटर बाय साडेसात मीटर असेल तर १:५० प्रमाण धरून कागदावर १२ बाय १५ सेंटीमीटर. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आरेखनात, हे करायचे नसते. तिथे वर्ग ६००० बाय ७५०० असाच काढायचा, खऱ्या मापाचा. पडद्यामागची जागा कितीही मोठी आहे. आपण फक्त जवळ जातो किंवा लांब जातो. प्रमाण ठरवायचे ते छापताना. १:२० ने छापले तर हा वर्ग ३०० बाय ३७५ मिलीमीटरचा होतो आणि २९७ बाय ४२०च्या ए३ कागदातून तीन मिलीमीटरने बाहेर जातो. १:५० ने तो ए४वर ऐसपैस बसतो. हा तीन मिलीमीटरचा अनुभव मी प्रत्येक तुकडीला घेऊ देते. आधी सांगत नाही. प्रिंटरमधून भिंत नसलेला वर्ग बाहेर आला की प्रमाण म्हणजे काय ते कायमचे कळते.

इथेच गणिताच्या बाईंची आणि माझी गाठ पडते. नववीच्या पुस्तकातली निर्देशक भूमिती मुलांना फार कोरडी वाटते. क्ष इतके, य इतके, बिंदू स्थापन करा, पुढचे उदाहरण. कॅडमध्ये मात्र तेच दोन आकडे लिहिले की खिडकीचा कोपरा तिथे जाऊन बसतो. मागच्या बिंदूपासून १०० उजवीकडे, मग ४५ अंशांत १०० वर, असे लिहीत गेले की छपराचा उतार तयार होतो. उजवीकडची दिशा शून्य अंश आणि कोन घड्याळाच्या उलट्या दिशेने वाढतो, हे संगणक गणिताच्या पुस्तकासारखेच मानतो. भूगोलाच्या होकायंत्रावर मात्र शून्य उत्तरेला आणि मोजणी घड्याळाच्या दिशेने. शेताचा बांध मोजायला गेल्यावर यातून हमखास गोंधळ होतो, म्हणून तो धडा मी वेगळा ठेवला आहे.

पडद्यावर जोडलेल्या दिसणाऱ्या दोन रेषा खऱ्या जोडलेल्या नसतात, हाही धडा असाच करून शिकायचा. मुले नजरेने रेष कोपऱ्यापर्यंत नेतात. मग भिंतीत तिरप्या रेषा भरायला जावे तर संगणक ऐकत नाही. जवळ, अजून जवळ, अजून जवळ गेले की कोपऱ्यात फट दिसते, मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्शाची. डोळ्याने जुळवायचे नाही, टोक पकडायला स्नॅप लावायचा, ही सवय पहिल्या महिन्यातच लागली पाहिजे. याच्या उलट दुसरी चूक: संगणक दशांशाची चार स्थळे दाखवतो म्हणून मुले पायाचे माप ४१२.३७६८ असे लिहितात. करवतीचा कापच मिलीमीटर-दोन मिलीमीटर खातो. हा आकडा घेऊन सुताराने काय करायचे? ज्याला जितके साधते तितकेच त्याच्याकडून मागायचे, ही आरेखनातली सभ्यता आहे, आणि ती शाळेतच शिकवावी असे मला वाटते.

संगणकावर चित्र काढण्याच्या इतिहासाचा पुस्तकात एक छोटा भाग आहे. त्यातली एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६३ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी स्केचपॅड नावाची प्रणाली केली. खोलीभर संगणक आणि पडद्यावर टेकवायचे प्रकाशाचे पेन. पण मला भावते ती त्यातली कल्पना. रेषा आधी ढोबळ काढायच्या आणि मग त्यांना अटी घालायच्या: तुम्ही दोघी समांतर, तुम्ही दोघी लंब, तुम्ही सारख्या लांबीच्या. अटी पाळण्यासाठी चित्र आपले आपण सरळ होई. ऑटोकॅड १९८२च्या डिसेंबरात बाजारात आले आणि टेबलावरच्या छोट्या संगणकावर आरेखन करणे साध्या ऑफिसांच्या आवाक्यात आले. ते मोठेच काम झाले. पण अटींची ती कल्पना शाळेत वापरायला मिळते ती फ्रीकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, आणि ती भूमितीच्या तासाला सोन्यासारखी आहे.

करून बघा. चार रेषांचा बंद चौकोन काढा. एक कोपरा आरंभबिंदूवर बसवा. खालची बाजू आडवी आहे असे सांगा. चारही बाजू १०० मिलीमीटर. मुलांना विचारा, झाला ना चौरस? सगळी एका सुरात "हो बाई" म्हणतात. पण चित्र अजून हिरवे झालेले नसते. फ्रीकॅडमध्ये सगळ्या अटी पुऱ्या झाल्या की चित्र हिरवे होते, आणि इथे एक मोकळीक अजून शिल्लक आहे. आता वरचा कोपरा माऊसने धरून ओढा. चौरस कलतो! शंकरपाळी होते, चपटी होत जाते, बाजू सगळ्या १००च राहतात. वर्गात या क्षणी जो आवाज होतो तो मला फार आवडतो. मग एक कर्ण काढून त्याची लांबी ठरवून द्या. चित्र हिरवे होते आणि कितीही ओढले तरी हलत नाही.

असे का, हे मी सांगत नाही. एकदा एका मुलीने आपणहून सांगितले, "बाई, कर्णामुळे दोन त्रिकोण झाले. बाबाबा." बाजू-बाजू-बाजू कसोटी तिने पाठ केली होती, सिद्ध केली होती, पेपरात लिहिली होती. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाला हलायला जागा उरत नाही, हा कसोटीचा अर्थ त्या दिवशी तिच्या हाताला कळला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आमच्या गोठ्याच्या फाटकाला तिरकी पट्टी ठोकली आहे, ती त्यासाठीच ना? त्यानंतर आम्ही गावभर तिरक्या पट्ट्या शोधत हिंडलो. फाटके, शिड्या, पत्र्याच्या शेडच्या कैच्या, विजेचे मनोरे. वहीत चित्रे काढली. तो उपक्रम या पुस्तकात तसाच्या तसा घेतला आहे.

आता एक इशारा, खास शिक्षकांसाठी. वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते एकाच कागदावर मांडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत फ्रान्सच्या गास्पार मोंझ या गणितज्ञाने अठराव्या शतकात बसवली. किल्ल्यांच्या बांधणीत ती इतकी कामाची होती की तिथल्या लष्कराने ती बरीच वर्षे बाहेर फुटू दिली नाही. पण तीन चित्रे कागदावर कुठे ठेवायची याच्या जगात दोन रीती आहेत. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोची शाळा-महाविद्यालयांसाठीची आरेखनाची पुस्तिका आहे, एसपी ४६. ती पहिल्या कोनाची रीत वापरते: वरून दिसणारे चित्र समोरच्या चित्राच्या खाली, डाव्या बाजूने दिसणारे उजवीकडे. अमेरिकेत तिसऱ्या कोनाची रीत; तिथे वरचे वर आणि डावीकडचे डावीकडे. मुले घरी मोबाइलवर जे व्हिडिओ बघतात त्यांतले कितीतरी अमेरिकन रीतीचे असतात, आणि काही सॉफ्टवेअरही मूळची तीच रीत धरून चालतात. मुलगा एक शिकून येतो, आपण दुसरे सांगतो, आणि त्याला वाटते आपल्याला हे जमतच नाही. दोन्ही रीती बरोबर आहेत, आपण पहिली वापरतो, एवढे पहिल्याच दिवशी सांगून टाका. आणि कागदाच्या कोपऱ्यात कापलेल्या शंकूची खूण काढायला लावा, म्हणजे वाचणाऱ्याला रीत कळेल. बाकाला खिळा डाव्या बाजूने मारायचा की उजव्या, हे त्या अंगठ्याएवढ्या खुणेवरून ठरते.

सॉफ्टवेअर कुठले, हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी पहिला विचारला जातो. पुस्तकात सपाट चित्रांसाठी लिब्रेकॅड आणि घन वस्तूंसाठी फ्रीकॅड वापरले आहे. दोन्ही मोफत आहेत, विंडोजवर चालतात, लिनक्सवरही. लिब्रेकॅड हलके आहे, शाळेतल्या जुन्या यंत्रांवरही निभावते. नेट चांगले असेल तर सातवी-आठवीच्या मुलांना टिंकरकॅडने सुरुवात करून द्यायला हरकत नाही. पेनड्राइव्हवर फिरणारी, कुलूप तोडलेली महागडी सॉफ्टवेअर मात्र शाळेत आणू नका, ही कळकळीची विनंती. आरेखनाच्या कागदावर खाली काढणाऱ्याचे नाव असते. ते नाव लिहायला शिकवायचे आणि दुसऱ्याचे काम चोरून वापरायचे, हे एकाच तासात कसे बसणार?

यंत्रे कमी असतील तर काळजी करू नका. आमच्याकडे एका संगणकामागे तीन मुले आहेत, आणि तशीच व्यवस्था मी पुस्तकात सुचवली आहे. एकाने वही धरून मापे वाचायची, दुसऱ्याने काढायचे, तिसऱ्याने तपासायचे, आणि दर वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. लाइट गेली तर तिघांनी मिळून पुढच्या वस्तूचे कच्चे चित्र काढायचे. मला विचाराल तर एकेकट्याला यंत्र मिळाले तरी मी ही पद्धत मोडणार नाही, कारण ऑफिसात आरेखन असेच होते.

महाराष्ट्रातल्या शाळांना चित्र नवे नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना मुले पिढ्यान्‌पिढ्या बसत आली, आणि त्यांत वस्तुचित्राबरोबर भूमिती आणि अक्षरलेखनही असते. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधले मोठे पद सोडून ते दुष्काळी भागातल्या खेड्यात गेले आणि शाळेतल्या मुलांनी हाताने काम करत, गावाची कामे करत शिकावे असा अभ्यासक्रम त्यांनी उभा केला. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, आणि या सगळ्यांबरोबर आरेखनही. या पुस्तकाला जे वळण आहे ते त्या विचाराचे आहे, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबमुळे कितीतरी शाळांत थ्रीडी प्रिंटर आले. हे फार चांगले झाले. पण काही ठिकाणी मी पाहिले, प्रिंटर चालू आहे आणि मुले नेटवरून उतरवून घेतलेला हत्ती छापत आहेत. हत्ती छान निघतो. त्याऐवजी वर्गाच्या खिडकीची तुटलेली मूठ मोजून, काढून, छापून, बसवून बघा. पहिली बसणार नाही. दुसरीही कदाचित नाही. तिसऱ्या वेळी खिडकी बंद होते आणि सगळा वर्ग ती दिवसभर उघड-बंद करतो.

आमच्या गावातले कितीतरी पालक शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहेत, फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये. एका मुलीचे वडील पॅटर्न बनवतात. त्यांना मी एकदा वर्गात बोलावले. ते संकोचले होते. दहावी नापास माणूस शाळेत काय सांगणार, म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून आपली पट्टी काढली आणि आमच्या पट्टीशेजारी ठेवली. दोन्हीवर शून्य ते तीनशे, पण त्यांची पट्टी तीन मिलीमीटर लांब! मुले टेबलाभोवती गोळा झाली. बीड ओतल्यावर थंड होताना साधारण शंभराला एक इतके आकसते, त्यांनी सांगितले, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करावा लागतो आणि ही पट्टी त्यासाठीच असते. एका मुलाने विचारले, "मग काका, ड्रॉइंगवर १०० लिहिलंय ते चूक आहे का?" ते म्हणाले, "न्हाई बाळा. ड्रॉइंग सांगतंय शेवटी काय झालं पायजे. तितं कसं पोचायचं ते आमच्यावर हाय." मी इतकी वर्षे आरेखन केले, पण आरेखक आणि कारागीर यांच्यातली वाटणी इतक्या सोप्या शब्दांत कधी ऐकली नव्हती. त्या मुलीच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा बघत होते. तिच्या वडिलांनी त्यानंतर संकोच केला नाही. वर्षातून एक तास आता त्यांचाच असतो.

शाळेतच हे का शिकवायचे, दहावीनंतर आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल आणि मेकॅनिकल असे दोन वर्षांचे ट्रेड आहेतच की, असे मला विचारतात. ट्रेडला गेलेल्या मुलांना फायदा होतोच. सरकारी भरतीच्या जाहिरातीत आरेखक, अनुरेखक हे शब्द दिसले तर आमच्या मुलांना ते परके वाटत नाहीत. पण वर्गातली बहुतेक मुले आरेखक होणार नाहीत. ती शेती करतील, दुकान चालवतील, नर्स होतील, आणि कधीतरी घर बांधतील. तेव्हा कोणीतरी त्यांच्यासमोर नकाशा पसरेल आणि सही मागेल. खोली दहा बाय दहा म्हणजे खाट, कपाट आणि दार उघडायला जागा धरून किती, मोरीचा उतार कुठे जातो, जिन्याची पायरी आजीला चढता येईल का, हे त्या कागदावरून त्यांना वाचता आले पाहिजे. मुलींसाठी तर मला हे जास्तच महत्त्वाचे वाटते. घरात सगळ्यात जास्त वावर ज्यांचा, त्यांना नकाशा दाखवला जातो तो बहुधा पाया खणून झाल्यावर. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने सासरच्या घराच्या नकाशात ओट्याची उंची स्वतःच्या कोपराशी मोजून बदलून घेतली. तिने मला त्या ओट्याचा फोटो पाठवला, शेजारी टेप ताणून धरलेला.

पुस्तकातली सगळी चित्रे मुलांनी काढलेली आहेत. काहींत दुरुस्त्या आहेत, त्या पुसलेल्या नाहीत. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट आहे आणि तिच्यात चार रकाने: मोजले, काढले, तपासले, बनवले. पहिल्या तीन रकान्यांत मुलांची नावे असतात, आणि ही शेवटची तपासणी करणारा दुसऱ्या गटाचा असलाच पाहिजे. चौथ्या रकान्यात ज्याने वस्तू बनवली त्याची सही. सुतारमामा सुरुवातीला अंगठा उमटवत. आता ते सही करतात, आणि सही करण्याआधी कागद उलटसुलट करून बघतात, फळी कुठे बसते ते लिहिले आहे का.

बाकाचे ते पहिले, चुकीचे आरेखन पुस्तकात पान ९ वर छापले आहे. दुरुस्त केलेले त्याच्या समोरच्या पानावर आहे: एकूण उंची ७५०, पाय ७२५, फळी पायाच्या वर, जोडाचा छेद वेगळा मोठा करून दाखवलेला. त्यावरून मामांनी सहा बाक केले. यंदा पाचवीच्या वर्गाला बुटके बाक हवे आहेत. नववीच्या मुलांनी सोमवारपासून पाचवीच्या मुलांची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची मोजायला घेतली आहे.